यीस्टला तोंड नसतं, मग ते साखर खातं कसं?

स्मरणिकेसाठी लेख पाठवा, विषय कोणताही चालेल, असा निरोप ग्रुपवर आला तेव्हा बहुतेकांनी सहलीच्या आणि गॅदरिंगच्या आठवणी लिहायला घेतल्या. माझ्याकडे मात्र वर्गातल्या एका प्रश्नाचं उत्तर तीस वर्षं थकलेलं आहे. ते विज्ञानाच्या बाईंना द्यायचं आहे आणि आपल्यातल्या आणखी एकाला. उत्तर जरा लांबलचक आहे, कारण ते शोधायला जगाला जवळजवळ दीडशे वर्षं लागली.

जानेवारी 1995. आपण नववीत. कारखान्याचा हंगाम भरात होता आणि खिडक्या लावल्या तरी मळीचा वास वर्गात येत होता. बाईंनी काचेच्या बाटलीत कोमट पाणी, दोन चमचे साखर आणि बेकरीतून आणलेलं यीस्ट घातलं आणि बाटलीच्या तोंडाला लाल फुगा बसवला. तास संपत आला तेव्हा फुगा उभा राहिला. आपण टाळ्या वाजवल्या. बाईंनी फळ्यावर लिहिलं : यीस्ट साखर खाते, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडते.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून आवाज आला, "बाई, त्याला तोंड असतंय का? नसलं तर साखर आत जाती कशी?"

वर्ग हसला. सगळ्यात मोठ्यानं मी हसले. मी पहिल्या बाकावरची, मॉनिटर. मला वाटलं, हसणं हे माझं कामच आहे. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "प्रश्न बरोबर आहे. उत्तर मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला सापडलं तर मला येऊन सांगा." मग घंटा झाली.

तो मुलगा तुम्हाला आठवत असेल, कदाचित नसेलही. त्याचे आईवडील ऊसतोडीच्या टोळीबरोबर यायचे. मुख्याध्यापकांनी खटपट करून त्याला आठवीत आणि नववीत हंगामापुरतं आपल्या वर्गात बसवलं होतं. कारखान्याचा पट्टा पडला की टोळी गावाकडे परतायची आणि त्याचा बाक रिकामा व्हायचा. दहावीला तो आलाच नाही. आपल्या 1996 च्या बॅचच्या फोटोत तो नाही, म्हणून या स्मरणिकेच्या यादीतही नाही.

अकरावीला मी जीवशास्त्र सोडलं, इंजिनिअर झाले आणि गेली वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये सगळ्यांप्रमाणे मीही घरी पाव करायला शिकले. वाटीतल्या यीस्टवर फेस येताना पाहिला आणि तो आवाज जसाच्या तसा आठवला. त्या रात्री वाचायला बसले. पहिल्याच आठवड्यात कळलं की आपण ज्या प्रश्नाला हसलो, त्याच प्रश्नाला जगातले दोन मोठे रसायनशास्त्रज्ञही हसले होते.

यीस्ट ही सजीव वस्तू आहे, असं 1837 च्या सुमारास तिघांनी स्वतंत्रपणे मांडलं : फ्रान्समध्ये कान्यार द ला तूर, जर्मनीत थिओडोर श्वान आणि फ्रीडरिश क्यूट्झिंग. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना यीस्टच्या गोल पेशींना अंकुर फुटताना दिसले होते. साखरेची दारू होते ती या सजीवामुळे, असं त्यांचं म्हणणं. रसायनशास्त्रज्ञांना ते मुळीच रुचलं नाही. 1839 मध्ये ‘आनालेन डर फार्मात्सी’ या त्यांच्या मानाच्या नियतकालिकात एक निनावी लेख छापून आला. तो व्योलर आणि लीबिग यांनी मिळून केलेला होता. त्यात गंभीर चेहऱ्यानं लिहिलं होतं की यीस्ट म्हणजे ऊर्ध्वपातनाच्या भांड्याच्या आकाराचे बारीक प्राणी आहेत. ते सोंडेसारख्या तोंडानं साखर शोषून घेतात, त्यांना पोट आणि आतडी आहेत, त्यांच्या मागच्या वाटेनं अल्कोहोल बाहेर पडतं आणि मूत्रमार्गातून कार्बनिक आम्लाचा वायू. सगळा लेखच टिंगल होता. यीस्ट खातं म्हणता, तर दाखवा त्याचं तोंड!

लीबिग आणि व्योलर मूर्ख नव्हते. सेंद्रिय रसायनशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांची नावं आहेत. पण ज्या प्रश्नाची टिंगल केली, त्याचं उत्तर त्यांनी शोधलं नाही. ते दुसऱ्यांना शोधावं लागलं.

पहिला धागा साखरेकडूनच मिळाला. आपल्यापैकी ज्यांचे वडील कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते त्यांना ‘पोल’ हा शब्द ओळखीचा असेल. रसातून विशिष्ट प्रकारचा प्रकाश सोडायचा आणि तो किती अंश उजवीकडे वळतो ते पाहायचं. त्यावरून रसात साखर किती ते कळतं. ही रीत एकोणिसाव्या शतकातली. फ्रान्समध्ये बिओ आणि त्याच्या सहकाऱ्यांना 1830 च्या दशकात दिसलं की उसाच्या साखरेचं द्रावण आम्लासोबत ठेवलं, तर उजवीकडे वळणारा प्रकाश हळूहळू डावीकडे वळू लागतो. दिशा उलटते, म्हणून या क्रियेला ‘इन्व्हर्जन’ नाव पडलं. दिशा उलटते ती साखरेचा रेणू फुटतो म्हणून. आपली नेहमीची साखर, म्हणजे सुक्रोज, ही ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशा दोन लहान साखरांची जोडी असते. जोडी सुटली की फ्रुक्टोज प्रकाशाला डावीकडे जास्त ओढतं. ऑगस्तँ दुब्रुन्फो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं 1847 मध्ये फ्रुक्टोज वेगळं ओळखलं. यीस्टसुद्धा आधी ही जोडी सोडवतं आणि मगच किण्वन सुरू होतं, हेही त्यानं पाहिलं.

आता आपल्या गावाचा विचार करा. तोडलेला ऊस दोन-तीन दिवस गाडीतळावर पडून राहिला की उतारा घटतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ऊस वाळून वजन घटतं हे एक. दुसरं म्हणजे उसातली आणि जंतूंमधली विकरं हीच जोडी सोडवत बसतात, आणि सुटलेल्या साखरेचे दाणे बनत नाहीत. ती मळीत जाते. शेवटच्या बाकावरच्या त्या मुलाचे आईवडील कोयता चालवून मोळ्या बांधत होते, त्यातली साखर त्याच्या डोळ्यांसमोर फुटत होती. साखरेबद्दल प्रश्न विचारायचा हक्क वर्गात त्याच्याइतका कुणालाच नव्हता.

यीस्ट ही जोडी सोडवतं कशानं, यावर 1860 मध्ये पॅरिसमध्ये वाद झाला. लुई पाश्चरचं म्हणणं असं की किण्वन होताना सक्सिनिक आम्ल तयार होतं आणि त्या आम्लानंच साखर फुटत असणार. मार्सेलाँ बर्थेलोनं ते मानलं नाही. त्यानं द्रावणात सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे आपला खायचा सोडा घातला. त्यात आम्ल टिकणार नाही. तरीही साखर फुटलीच. मग त्यानं यीस्ट पाण्यात भिजवून ठेवलं, पाणी गाळून घेतलं आणि त्यात अल्कोहोल ओतलं. पांढरा साका खाली बसला. तो साका पुन्हा पाण्यात विरघळवून साखरेत घातला, तर साखर फुटली. आता त्या भांड्यात यीस्टची एकही जिवंत पेशी नव्हती.

म्हणजे साखर फोडणारी वस्तू यीस्टपासून वेगळी करता येत होती. तिला पुढे इन्व्हर्टिन आणि मग इन्व्हर्टेज असं नाव मिळालं. बर्थेलोनं तेव्हाच सुचवलं होतं की सजीव हा स्वतः विकर नसून विकर तयार करणारा आहे. पाश्चरला ते पटलं नाही, आणि दारू बनण्याच्या पूर्ण क्रियेबाबत हा वाद 1897 पर्यंत चालला. त्या वर्षी एडुआर्ड बुखनरनं यीस्ट वाटून, पिळून, पेशी नसलेल्या रसात किण्वन घडवून दाखवलं. त्याला त्यासाठी 1907 चं नोबेल मिळालं.

इथून पुढची पन्नास वर्षं इन्व्हर्टेज हे रसायनशास्त्राचं आवडतं खेळणं झालं. कारण साधं : यीस्ट स्वस्त, साखर स्वस्त आणि क्रिया किती झाली हे प्रकाशाच्या वळणावरून डोळ्यांनी मोजता येतं. इंग्लंडमधल्या बर्टन गावी बास नावाच्या बिअरच्या कारखान्यात कॉर्नेलियस ओ'सुलिव्हन हा रसायनतज्ज्ञ नोकरीला होता. त्यानं आणि टॉम्पसननं 1890 मध्ये दाखवलं की इन्व्हर्टेज स्वतःच्या वजनाच्या एक लाखपट साखर फोडूनही काम करण्याच्या स्थितीत राहतं. एमिल फिशरनं 1894 मध्ये याच इन्व्हर्टिनची आणि बदामातल्या विकराची तुलना करून कुलूप-किल्लीची उपमा दिली. दहावीच्या परीक्षेसाठी आपण ती पाठ केली होती.

मग येतं 1913. बर्लिनच्या ‘आम उर्बान’ या नगरपालिकेच्या रुग्णालयात लिओनोर मिखाएलिस एक लहानशी प्रयोगशाळा चालवत होता. त्याला विद्यापीठात पगारी प्राध्यापकपद मिळालं नव्हतं. त्याच्याकडे कॅनडाहून मॉड मेंटेन नावाची डॉक्टर आली. टोरांटो विद्यापीठातून 1911 मध्ये तिनं एम.डी. केलं होतं. या दोघांनी प्रश्न घेतला तो असा : साखर वाढवत नेली तर इन्व्हर्टेजचा वेग किती वाढतो? पॅरिसमध्ये व्हिक्टर आन्रीनं 1903 मध्ये याचं समीकरण मांडलेलं होतं, पण त्याच्या प्रयोगात द्रावणाची आम्लता स्थिर नव्हती. शिवाय नुकतं सुटलेलं ग्लुकोज प्रकाशाचं वळण काही काळ बदलत राहतं. त्यामुळे मोजमाप फसत होतं. या दोघांनी दोन्ही चुका काढल्या आणि फक्त सुरुवातीचा वेग मोजला.

त्यांचं उत्तर आपल्याला कारखान्याच्या वजनकाट्यावरून समजेल. गाड्या थोड्या असतील तर जेवढ्या जास्त येतील तेवढं जास्त वजन तासाला होतं. पण काटा सतत भरलेला राहू लागला की गाड्या दुप्पट आल्या तरी काट्याचा वेग वाढत नाही, फक्त रांग वाढते. विकराचंही तसंच. कोणत्या प्रमाणाला वेग कमालीच्या निम्मा होतो, तो आकडा त्या विकराची ओळख सांगतो. आज जगातल्या कुठल्याही औषधाचा किंवा विकराचा अभ्यास मिखाएलिस-मेंटेन समीकरणाशिवाय सुरू होत नाही. मेंटेन पुढे पिट्सबर्ग विद्यापीठात शिकवत राहिली. तिथे पूर्ण प्राध्यापकपद तिला 1948 मध्ये मिळालं, वयाच्या 69 व्या वर्षी. दोन वर्षांनी ती निवृत्त झाली. आपल्या शिक्षिकांपैकी ज्यांना मानाची जागा उशिरा मिळाली, त्यांना हे वाचून काय वाटेल ते मी ओळखू शकते.

एवढं सगळं झालं तरी मूळ प्रश्न तसाच होता. विकर आहे हे कळलं, त्याचा वेग कळला. पण साखर फुटते कुठे, पेशीच्या आत की बाहेर?

1960 च्या दशकात अमेरिकेत लॅम्पेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यीस्टमधून दोन प्रकारचं इन्व्हर्टेज वेगळं केलं. एक पेशीच्या आत राहणारं. दुसरं पेशीपटलाबाहेर, पेशीभित्तिकेच्या आसपास. बाहेरच्या इन्व्हर्टेजवर साखरेच्या लांब साखळ्या चिकटलेल्या, आतलं तसंच उघडं. दोन्ही शुद्ध केलेली रूपं 1968 मध्ये त्यांनी शेजारीशेजारी ठेवून तपासली. काम दोघांचं एकच. मग दोन जनुकं आहेत का?

याचं उत्तर मला इंजिनिअर म्हणून सगळ्यात आवडतं. अमेरिकेत एमआयटीमध्ये मॅरियन कार्लसन आणि डेव्हिड बॉटस्टाइन यांनी इन्व्हर्टेजचं ‘एसयूसी-2’ हे जनुक वेगळं काढलं आणि 1982 मध्ये दाखवून दिलं की जनुक एकच आहे. त्यावरून दोन वेगवेगळ्या लांबीचे संदेश निघतात. लांब संदेशाच्या सुरुवातीला थोडा जादा मजकूर असतो. आखूड संदेश तो मजकूर वगळून सुरू होतो. जादा मजकुरामुळे प्रथिनाच्या टोकाला 19 अमिनो आम्लांची एक पट्टी लागते. ती पट्टी म्हणजे पत्ता : ‘बाहेर पाठवा’. वाटेत पट्टी कापली जाते, प्रथिनावर साखरेच्या साखळ्या चढतात आणि ते पेशीच्या बाहेर पोचतं. पट्टी नसलेलं प्रथिन आतच राहतं.

आपण दहावीला बसलो त्याच वर्षी, 1996 मध्ये, यीस्टचा संपूर्ण जनुकसंच वाचून पूर्ण झाला. 16 गुणसूत्रं, सुमारे 1 कोटी 20 लाख अक्षरं, 6000 च्या आसपास जनुकं. युरोप, अमेरिका, कॅनडा आणि जपानमधल्या सुमारे 600 शास्त्रज्ञांचं ते काम. पेशीला केंद्रक असलेल्या सजीवांत असा पूर्ण वाचलेला पहिला यीस्टच. तो मजकूर आज कुणालाही फुकट उतरवून घेता येतो. मी घेतला. एसयूसी-2 नवव्या गुणसूत्राच्या एका टोकाजवळ आहे. ते 1599 अक्षरांचं आहे. कार्यालयात मी रोज तपासते त्या फाइली याहून कितीतरी मोठ्या असतात. आणि ‘बाहेर पाठवा’ हा पत्ता त्यातल्या पहिल्या 57 अक्षरांत बसतो. त्या मुलाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या 57 अक्षरांत आहे, हे कळल्यावर मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ नुसती बसून होते.

उरलेलं अर्धं उत्तर म्हणजे बाहेर जायची वाट. ती कॅलिफोर्नियात बर्कलेला रँडी शेकमन आणि त्याचा विद्यार्थी पीटर नोविक यांनी शोधली, आणि ती शोधायला इन्व्हर्टेजच वापरलं. त्यांनी असे यीस्ट शोधले जे थोड्या कमी तापमानाला ठीक असतात, पण 37 अंशांवर ज्यांचं इन्व्हर्टेज बाहेर पडायचं थांबतं आणि आतच बारीक पिशव्यांत साठून राहतं. असा पहिला यीस्ट त्यांनी 1979 मध्ये जाहीर केला. पुढच्याच वर्षी या वाटेवरची 23 जनुकं त्यांच्या यादीत होती. आपल्या पेशींतून इन्सुलिन बाहेर येतं तेही पिशव्यांच्या अशाच वाटेनं. शेकमनला 2013 च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. मधुमेहाच्या कितीतरी रुग्णांचं इन्सुलिन आज यीस्टकडूनच बनवून घेतलं जातं.

आता या इतिहासातला तो भाग, ज्यासाठी हा लेख शाळेच्या स्मरणिकेत द्यावासा वाटला.

एसयूसी-2 हे जनुक कायम चालू नसतं. समोर आयतं ग्लुकोज असेल तर यीस्ट बाहेरचं इन्व्हर्टेज बनवण्याची मेहनत करत नाही. ग्लुकोज संपत आलं की जनुक चालू होतं. आमच्या भाषेत ही एक ‘इफ’ची ओळ आहे. पण ती ओळ वाचतं कोण? हे कळायला कार्लसन यांनी हुशार यीस्ट निवडले नाहीत. नापास झालेले निवडले. ज्यांना ग्लुकोजवर वाढता येतं, पण साखरेवर टाकलं की वाढता येत नाही, असे यीस्ट त्यांनी हजारोंमधून वेचले. काहींचं एसयूसी-2 च बिघडलेलं निघालं. काहींचं मात्र ते धडधाकट होतं, तरी यीस्ट नापास. म्हणजे चूक दुसरीकडे कुठेतरी होती. त्या दुसऱ्या जनुकांना त्यांनी नाव दिलं ‘एसएनएफ’, म्हणजे ‘सुक्रोज नॉन-फर्मेंटिंग’. साखर न आंबवणारे. नापासाचा शिक्काच तो. 1981 मध्ये एसएनएफ-1 सापडलं, मग कोलंबिया विद्यापीठातल्या त्यांच्या प्रयोगशाळेत 2, 3, 4, 5, 6.

या शिक्क्याच्या जनुकांचं पुढे काय झालं ते पाहा. एसएनएफ-1 हे पेशीतली इंधनाची टंचाई ओळखून हुकूम सोडणारं विकर निघालं. 1994 मध्ये कळलं की माणसाच्या पेशींत त्याचा सख्खा भाऊ आहे, एएमपीके. आपल्यापैकी अनेकांच्या घरात, आणि आता आपल्या वयामुळे अनेकांच्या स्वतःच्या पर्समध्येही, मेटफॉर्मिनची गोळी असते. ती गोळी एएमपीकेला जागं करते, हे 2001 मध्ये दिसलं. गोळीचा सगळा परिणाम याच एका वाटेनं होत नाही, पण ही वाट त्यात आहे. एसएनएफ-2 आणि एसएनएफ-5 ही जनुकं गुंडाळून ठेवलेला डीएनए सैल करणाऱ्या मोठ्या यंत्रणेचे भाग निघाले. 1998 मध्ये दिसलं की लहान मुलांच्या एका फार वाईट कर्करोगात माणसातलं एसएनएफ-5 च नाहीसं झालेलं असतं. 2013 पर्यंत मोजणी झाली, तेव्हा माणसाच्या कर्करोगांपैकी सुमारे एक पंचमांशांत या यंत्रणेचा कुठला ना कुठला भाग बिघडलेला आढळला.

एवढी मोठी गोष्ट सापडली ती साखरेच्या परीक्षेत नापास झालेल्या यीस्टकडे कुणीतरी नीट पाहिलं म्हणून. ‘हे का नापास झालं?’ असं विचारलं म्हणून.

मी मॉनिटर होते. वर्गात कोण उशिरा आलं, कुणाची वही अपुरी आहे, हे फळ्यावर लिहायचं काम माझं होतं. त्या मुलाचं नाव मी किती वेळा लिहिलं असेल! तो उशिरा का येतो, हे एकदाही विचारलं नाही. पहाटे तो आईवडिलांबरोबर गाडी भरायला जायचा, हे मला दोन वर्षांपूर्वी एका वर्गमित्राकडून कळलं.

शेवटची एक गोष्ट सांगते. साखर पेशीबाहेर फुटत असल्यामुळे यीस्टपुढे एक अडचण येते. सुटलेलं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सगळं त्याच्याच वाट्याला येईल असं नाही. ते पाण्यात पसरून जातं. जेफ गोर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये हिशेब मांडला : इन्व्हर्टेज बनवणाऱ्या पेशीला त्यातलं जेमतेम एक टक्का मिळतं. सुमारे 99 टक्के शेजाऱ्यांकडे जातं. त्या शेजाऱ्यांत इन्व्हर्टेज न बनवणारे फुकटेही असतात. मग कष्ट करणारे संपून का जात नाहीत? कारण तो एक टक्का. फुकटे फार वाढले की बाहेर ग्लुकोज कमी पडतं, आणि तेव्हा स्वतःच्या दाराशी सुटलेला तो एक टक्काही जीव वाचवायला पुरतो. दोघंही टिकतात. हार्वर्डमध्ये अँड्र्यू मरे यांच्या प्रयोगशाळेत 2011 मध्ये आणखी एक दिसलं : साखर अगदी थोडी असेल तर एकटी पेशी वाढू शकत नाही, पण पेशी एकमेकींना चिकटून घोळक्यानं राहिल्या तर वाढतात. एकीची सुटलेली साखर दुसरीला मिळते.

यावरून शाळेबद्दल तात्पर्य काढायचा मोह होतो. पण यीस्टला तात्पर्य माहीत नसतं. मला एवढंच म्हणायचं आहे की आपल्या शाळेच्या इमारतीचा पहिला पैसा उसाच्या बिलांतून कापून आलेला आहे. तो ऊस ज्यांनी तोडला, त्यांच्या मुलांपैकी आपल्या वर्गात एकच बसला, तोही दोन हिवाळे. त्या साखरेतला आपला वाटा एक टक्क्याहून पुष्कळ मोठा होता.

तर बाई, तुम्ही सांगितलं होतं, उत्तर सापडलं तर येऊन सांगा. उत्तर असं : यीस्टला तोंड नसतं. ते साखर गिळून मग पचवत नाही; आधी बाहेर पचवतं, मग आत घेतं. त्यासाठी ते एसयूसी-2 या जनुकावरून इन्व्हर्टेज बनवतं, त्याला ‘बाहेर पाठवा’ असा पत्ता लावतं आणि पेशीपटलाच्या पलीकडे सोडतं. तिथे साखरेची जोडी सुटते. मग ग्लुकोज आणि फ्रुक्टोज पेशीपटलातल्या खास दारांतून आत येतात आणि फुगा उभा राहतो. तुम्ही त्या दिवशी ‘मला माहीत नाही’ म्हणालात, ते शाळेत मी ऐकलेलं सगळ्यात खरं वाक्य होतं. आज माझ्या टीममधली नवी मुलं काही विचारतात आणि मला येत नसतं, तेव्हा मी तेच वाक्य म्हणते.

आणि समितीला एक विनंती. 1994 आणि 1995 च्या हिवाळ्यांत आपल्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणाऱ्या त्या मित्राचा ठावठिकाणा कुणाला माहीत असेल तर कळवावं. हजेरीपटात त्याचं नाव आहे. त्यावरून त्याच्या गावचा तपास करायला मी तयार आहे. स्मरणिकेची एक प्रत त्याच्यासाठी बाजूला ठेवावी. ती मी स्वतः नेऊन देईन, आणि त्या हसण्याबद्दल जे म्हणायचं आहे ते तिथे म्हणेन.

— दहावी ‘अ’, 1996 ची बॅच